पेनमावशींचा एकेचाळिसावा पेपर

“तुम्ही हिच्यापेक्षा कमी शिकलेल्या आहात ना?” पर्यवेक्षकांनी तोंडासमोरच्या प्लास्टिकच्या पडद्याआडून विचारलं.

“हो. दहावी झालीये फक्त.”

“पुरावा?”

“न शिकल्याचा पुरावा कोण देणार, सर? तुमच्याच फॉर्मवर सही करून दिलीये, बघा.”

पर्यवेक्षक जेमतेम पंचविशीचे होते आणि चांगलेच घाबरलेले होते. त्यांनी फॉर्म चिमटीत धरून वाचला, हाताला सॅनिटायझर चोळलं आणि पलीकडचं बाक दाखवलं. “तिकडे बसा. परीक्षार्थीपासून सहा फूट. मध्ये उठायचं नाही.”

पेनमावशींनी आजवर चाळीस पेपर लिहिले होते, पण सहा फुटांवरून एकही नाही. परीक्षार्थी मुलीला दिसत नव्हतं. मावशींनी प्रश्न वाचायचा, तिनं उत्तर सांगायचं, मावशींनी ते लिहायचं, एवढंच काम. एरवी दोघींमध्ये वीतभर अंतर असायचं आणि मुलगी कानाशी पुटपुटायची. आता दोघींच्या तोंडावर मास्क आणि मध्ये रिकामी बाकं, म्हणजे अख्खा पेपर ओरडून द्यायचा. वर्गात तिघांशिवाय चौथं माणूस नव्हतं. चौदा महिने बंद असलेल्या शाळेत ओरडल्याचा आवाज स्वतःलाच परका वाटत होता.

पेनमावशी हे नाव अंध शाळेतल्या पोरांनी पाडलेलं. मावशी कुरियरच्या ऑफिसात नोंदवही लिहायच्या. मोत्यासारखं अक्षर, म्हणून कुणीतरी त्यांना लेखनिक म्हणून नेलं आणि त्या अठरा वर्षं जात राहिल्या. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, हा नियम. मावशींनी दोनदा बाहेरून बारावी करायचा फॉर्म आणला आणि दोन्ही वेळा कपाटातल्या कागदाखाली सारून दिला. त्या बारावी झाल्या असत्या, तर बारावीच्या मुलांचे पेपर कुणी लिहायचे? त्यांच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं काम. डोळ्याला भिंग लावूनही माणसाची जीभ थांबत नसे. “लोकांचे पेपर लिहून लिहून तू इतकी हुशार झालीस,” तो म्हणायचा, “की तुला अडाणी ठेवायला सरकारला नियम करावा लागला.”

मावशींना एका गोष्टीचा अभिमान होता, आणि तो अक्षराचा नव्हता. ज्यांना दिसत नाही त्यांना पेन ऐकू येतं. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलानं उत्तर सांगता सांगता म्हटलं होतं, “मावशी, तुमचं पेन अडखळलं. म्हणजे चुकलं वाटतं माझं.” मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही तर कॉपीच झाली. मग महिनाभर रोज संध्याकाळी नवऱ्यानं काहीबाही सांगायचं आणि मावशींनी एका लयीत लिहायचं. सूर्य पश्चिमेला उगवतो. सात आठे चौसष्ट. शेवटी शेवटी तर ‘माझी बायको माझ्यावर अतिशय खूश आहे’ हेही त्यांनी न थांबता लिहिलं. तेव्हापासून खरं असो की खोटं, मावशींचं पेन सारख्याच वेगानं चालायचं.

मग शाळा बंद झाल्या. मुलीची बारावीची परीक्षा रद्द झाली, सगळेच पास झाले, आणि कायद्याच्या कॉलेजचा प्रवेश या एका परीक्षेवर येऊन ठेपला. तिचंही भिजत घोंगडं. चार वेळा तारीख पडली, चार वेळा पुढे गेली. बोटांनी वाचणारी पोर फोनवर काय शिकणार? तिचे वडील बस चालवायचे, बसही डेपोत उभी. एके दिवशी मुलीचा फोन आला. “मावशी, रोज तासभर प्रश्न वाचून दाखवाल? दुसरं कुणी नाहीये हो.”

मावशींचं ऑफिसही अर्धवेळच होतं. रोज दुपारी त्या फोनवर प्रश्न वाचू लागल्या. मुलगी चुकली की पहिले दोन दिवस त्या गप्प बसल्या. तिसऱ्या दिवशी तोंडातून “हं?” निघून गेलं. मुलीनं लगेच उत्तर सुधारलं. आता परीक्षा थोडीच होती ही? मावशी निर्धास्त झाल्या. मुलगी विशेषतः गोल टेबलाभोवती बसलेल्या माणसांच्या प्रश्नात चुकायची; तोंडं आत असली की डावं-उजवं उलटं धरायची. मग मावशींनी तिला सहा कप गोलात मांडायला लावले आणि स्वतःच्या टेबलावरही मांडले. दोन घरांत दोन टेबलं, बारा कप आणि मध्ये फोन. नवरा म्हणायचा, “कप मांडता रोज, त्यात चहा कधी पडणार?”

आता वर्गात बासष्ट प्रश्न सुरळीत झाले होते. मावशी वाचत, मुलगी विचार करून अक्षर सांगे, मावशी बॉलपेननं तो गोल काळा करत. कागदावर घासल्याचा आवाज थांबला की मुलीला कळे, पुढचा प्रश्न येणार. दोघींचे घसे सुकले होते. वेळ संपत आली होती.

त्रेसष्टावा प्रश्न गोल टेबलाचा निघाला. सहा माणसं, तोंडं आत. मावशींनी दोनदा वाचला.

“क,” मुलगी म्हणाली.

मावशींच्या डोळ्यांपुढे टेबलावरचे सहा कप आले. क नव्हे, ब. नेहमीचीच चूक. पेनाचं टोक क च्या गोलावर आलं आणि तिथंच राहिलं.

किती वेळ, कुणास ठाऊक. तीन सेकंद, चार सेकंद. मास्कच्या आत “हं?” ओठांपर्यंत आलं होतं, ते मावशींनी गिळलं. पण पेन काही हलेना. अठरा वर्षांची सवय फोनवरच्या सरावानं मोडून टाकली होती. पर्यवेक्षक दारापाशी घड्याळ बघत बसले होते. त्यांच्या लेखी काहीच घडलं नव्हतं.

मुलीनं मान वळवली. मग तिची बोटं बाकावर हलू लागली. तिथं नसलेले कप ती मांडत होती, एक, दोन, सहा. सहाव्यावर बोट थबकलं. मावशींना ते स्पष्ट दिसलं आणि त्यांचा जीव टांगणीला लागला. तिनं ब म्हणावं असं त्यांना वाटत होतं, आणि म्हणू नये असंही.

“क,” मुलगी पुन्हा म्हणाली. “क च करा, मावशी.”

मावशींनी क काळा केला.

गेटबाहेर तिचे वडील उभे होते. “ताई, कसा गेला पेपर?”

“तिलाच विचारा,” मावशी म्हणाल्या आणि रिक्षाची वाट न बघता चालायला लागल्या.

नवऱ्याची छाती नाजूक, म्हणून पुढचे दहा दिवस त्या स्वयंपाकघरात वेगळ्या राहिल्या. त्यांना बसवेना. उठून कप धुवायच्या, पुसून ठेवायच्या, पुन्हा धुवायच्या. “आजार इतकं घासून जात नाही,” नवरा पलीकडून ओरडला, “आणि कपांना तर मुळीच होत नाही.” मावशी हसल्या नाहीत.

निकाल लागला. पहिल्या यादीत मुलीचं नाव दीड गुणानं हुकलं. एक प्रश्न दोन गुणांचा होता, चुकीला अर्धा गुण कापला जाई. प्रतीक्षा यादीत ती अकरावी.

संध्याकाळी तिचा फोन आला. “मावशी, त्रेसष्टाव्याचं उत्तर ब होतं ना?”

“ब होतं.”

“वाटलंच मला. कप मांडून बघितले होते.”

“मग सांगितलं का नाहीस गं? काळं केलं नव्हतं मी अजून.”

“तुमचं पेन थांबलं म्हणून मांडले ना. नाहीतर कशाला मांडले असते? मग ते मार्क कुणाचे म्हणायचे?”

मावशींना लाज वाटली, आणि त्या लाजेतच पोरीचं कौतुकही वाटलं.

“यादी पुढे सरकेल म्हणतात,” मुलगी म्हणाली. “नाहीच सरकली तर पुढच्या वर्षी. तुम्ही याल ना?”

“नको, बाळ. दुसरं कुणी बघ. माझं पेन आता बोलायला लागलंय.”

“रागावलात?”

“तुझ्यावर कशाला रागावू? प्रश्न मात्र रोज वाचेन. दुपारीच. फोन करत जा.”

चार दिवसांनी मावशींनी झेरॉक्सच्या दुकानातून नवा फॉर्म आणला, बाहेरून बारावीचा. जेवणाच्या टेबलावर पसरला, पेनाचं टोपण काढलं. पहिलाच रकाना परीक्षार्थीच्या संपूर्ण नावाचा होता. आजवर पेपरांवर अशा रकान्यात त्यांनी एकेचाळीस नावं लिहिली होती, प्रत्येक कुणीतरी सांगितलेलं. त्या सवयीनं वाट बघत बसल्या. सांगणारं कुणी नव्हतं.

पलीकडच्या खोलीत घड्याळाचं झाकण लावल्याचा आवाज झाला. “काय गं, पेन थांबलं?” नवऱ्यानं विचारलं. “सांगू का मी?”

“नको,” मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःचं नाव हलक्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करून स्वतःला सांगितलं, आणि सांगितलं तसं लिहिलं.