आधी लेबल, मग तपासणी

धाकटीला कामाची भारी घाई. दोघी जावांचा खोली गरम करायच्या हीटरचा छोटासा कारखाना. थोरली हीटर जोडायची, धाकटी तपासायची. पण तपासायच्या आधीच ती सगळ्यांवर ‘तपासले’ अशी लेबलं चिकटवून मोकळी व्हायची. मीटर लावून होईतो डिंक वाळतो म्हणे! आठ वर्षं हे निभावलं, त्यामुळे ते शहाणपण वाटायला लागलं होतं.

मग एका मंगळवारी, लेबलं लावून होताहेत तोच शाळेतून फोन आला. लेक तापाने फणफणली होती. धाकटी तशीच धावली. दुपारी टेम्पो आला, थोरलीने लेबलं पाहिली आणि चोवीस हीटर चढवून दिले.

आता त्यातलाच एक दुकानातून उचलून आणून सरकारी निरीक्षक समोर बसले होते. आत अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. कधी शॉक बसेल याचा नेम नाही.

"लेबल आहे, आणि तपासणीच्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं."

"लिहायचं राहिलं असेल, साहेब," थोरली पटकन म्हणाली. कोरं पान पाहूनच खरं काय ते तिला कळलं होतं.

धाकटीने त्या उघड्या हीटरकडे पाहिलं. खरं बोलावं तर परवाना जाणार, थोरलीने रक्ताचं पाणी करून उभा केलेला कारखाना बुडणार. पण बाकीचे तेवीस कुणाकुणाच्या घरात सुरू असतील, शेजारी पोरं खेळत असतील.

"राहिलं नाही. मी ते तपासलेच नाहीत," ती म्हणाली. "लेबलं आधीच लावली होती."

निरीक्षकांनी कारखान्याला सील ठोकलं. "सगळे परत आणा. मग परवान्याचं बघू."

दोघींनी दुकानं पालथी घातली, दारोदार फिरल्या, शिव्याही खाल्ल्या. नवव्या दिवशी तेविसावा हीटर हाती आला. कुणाला काही झालं नव्हतं. आणखी दोन हीटरमध्ये तार जोडायची राहिलेली निघाली.

सील काढताना निरीक्षकांनी एक फॉर्म पुढे केला. सुरक्षेला जबाबदार कोण, तिथे नाव हवं होतं. यापुढे काही घडलं तर त्याच नावाला नोटीस. धाकटी बाजूला सरली. आपल्यावर आता कोण विश्वास टाकणार, हे तिने मनाशी धरूनच ठेवलं होतं.

थोरलीने तिथे धाकटीचं नाव लिहिलं.

"वहिनी, चूक माझी होती."

"तार माझ्याच हातून राहिली होती," थोरली म्हणाली. "आणि वर मी खोटं बोलले. तू नाही बोललीस."