पडीक जागेचं विधेयक

आमदार रामनाथला प्रत्येक विधेयकावर मत होतं. त्र्याऐंशीच्या पावसाळी अधिवेशनात व्हिडिओ पार्लरवरच्या कराला त्याचा जोरदार पाठिंबा होता, शाळांच्या देणग्यांबद्दलच्या विधेयकाला सावध पाठिंबा होता, आणि अंधेरीच्या एका साप्ताहिकात ही सगळी मतं फोटोसकट छापून येत होती. कोळीवाड्यातून निवडून आलेला पहिलाच आमदार. बोलायची संधी मिळाली की गडी सोडायचा नाही.

त्या गुरुवारी किनाऱ्यावरच्या पडीक जागा सरकारने ताब्यात घेण्याच्या विधेयकावर तो सतरा मिनिटं बोलला. यादीत त्याच्याच कोळीवाड्याच्या पश्चिमेची रेताड जागाही होती. "माझा जन्म तिथला. ती जागा पडीक आहे, हे मी डोळ्यांनी पाहून सांगतो," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. बाकं वाजली. मंत्र्यांनी मागे वळून मान डोलावली.

पाहिली होती हे खरं. गेल्या जुलैत, साप्ताहिकाच्या फोटोसाठी. पावसाळ्यात बोंबील सुकवायच्या वलांड्या उतरवतात, बांबू छपराखाली रचतात, दोऱ्या गुंडाळून ठेवतात आणि पाऊस सरला की पुन्हा सगळं उभं करतात. तोवर त्या जागेवर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. हे कोळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. पण अंधेरीत चार बंगल्याला फ्लॅट घेऊन नऊ वर्षं झाली की माणूस काय वाटेल ते विसरतो. सरकारी मोजणीदारही ऐन पावसात आला, त्याने 'वापर नाही' असं लिहिलं आणि आमच्या आमदाराने त्या कागदापुढे डोकं गहाण ठेवलं.

मतदान सोमवारी व्हायचं होतं. पण गावचा आमदारच बाजूने बोलतोय म्हटल्यावर हद्दीचे दगड रोवायला काय हरकत, म्हणून शनिवारी सकाळीच मोजणीची माणसं आली. सोबत वीस पोलीस. रामनाथचा कार्यकर्ता चंदू याने फोन केला. "साहेब, लवकर या. वाट लागलीय. मथुराबाय खड्ड्यात जाऊन बसलीय."

मथुरा म्हणजे रामनाथची थोरली बहीण. तिने आणि महादूदादाने, त्याच्या मोठ्या भावाने, सुके बोंबील विकून त्याला वकील केलं होतं. त्याच जागेवर सुकवलेले बोंबील.

रामनाथ पोहोचला तेव्हा पोलिसांचा अधिकारी गर्दीला त्याचंच भाषण वाचून दाखवत होता. पहिल्या दगडाच्या खड्ड्यात मथुरा मांडी घालून बसली होती. भावाला पाहिल्यावर तिने अधिकाऱ्याला हाताने गप्प केलं.

"हा बघा, माजा भावच आयला," ती म्हणाली. "बोल रं. आपली जागा पडीक हाय?"

सगळा कोळीवाडा ऐकत होता. एका शब्दाचं काम होतं. रामनाथ म्हणाला, "बाय, आधी तू वर ये. मग आपण बसून बोलू."

अधिकाऱ्याला तेवढं पुरलं. एका हवालदाराने मथुराचा अंबाडा धरला आणि तिला केसांनी वर ओढून रेतीतून फरफटत नेलं. महादू छपराखालून वलांडीचा बांबू उपसून धावला आणि त्याने तो हवालदाराच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज रामनाथला स्पष्ट ऐकू आला. मग शिट्टी झाली आणि लाठ्या सुरू झाल्या.

बायका पळाल्या नाहीत. महादूची बायको कमळ हातातल्या कोयत्यासकट पुढे झाली आणि तिने एका शिपायाच्या पंजावर वार केला. दोन बोटं रेतीत पडली. ती शोधायला शिपाई खाली वाकला, तर कोणीतरी त्याच्या पाठीत वल्हं हाणलं. कमळला चौघांनी उताणं पाडलं आणि तिच्या पोटावर बूट ठेवून बेड्या घातल्या. एका म्हाताऱ्याच्या तोंडावर लाठी बसली. तो दात हातात घेऊन तसाच उभा राहिला, त्याला दुसरी बसली. रेतीत रक्त पटकन मुरतं, म्हणून कोणाला किती लागलं ते कळत नव्हतं.

"थांबा! मी आमदार आहे!" असं ओरडत रामनाथ मध्ये घुसला. त्याच्या कानावर सणसणीत लाठी बसली आणि तो गुडघ्यांवर आला. अधिकाऱ्याने त्याला ओळखलं. तो धावला, सॉरी म्हणाला, त्याने रामनाथला उठवलं आणि पाच शिपायांचं कडं त्याच्याभोवती उभं केलं. त्या कड्यात त्याला एक लाठीही लागली नाही. शिपायांच्या खांद्यांमधून त्याला महादू दिसत होता. तिघे जण त्याला मारत होते. महादूने डोकं हातांनी झाकलं होतं. आधी डावा हात खाली पडला, मग उजवा. त्यानंतरही ते मारत राहिले.

रविवारी दुपारी महादू हॉस्पिटलात वारला. कमळ कोठडीत होती, तिला तिथेच सांगितलं. मथुराच्या डोक्याला अकरा टाके पडले होते. ती रडली नाही. तिने रामनाथला विचारलं, "उद्या काय बोलशील?"

"नाही म्हणेन. माझ्या भाषणाच्या विरोधात जाऊन नाही म्हणेन."

"जगाला ऐकू जाईल असा बोल. तू परत येशील तवर दादाला उचलायचा नाय."

सोमवारी सकाळी पक्षाच्या प्रतोदाने त्याला लॉबीत गाठलं. तो आवाज न चढवता बोलला. "व्हीप आहे, रामनाथराव. तुम्ही दुःखात आहात, घरी जा. गैरहजर राहिलात तर आम्ही समजून घेऊ." रामनाथ मान हलवून आत गेला. त्याचा कान अजून ठणकत होता.

विरोधक भलत्याच कारणावरून सभात्याग करून बाहेर पडले होते. चर्चा आधीच संपली होती. अध्यक्षांनी प्रस्ताव मांडला: अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. सभागृह गरजलं. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.

"नाही," रामनाथ म्हणाला.

आवाज निघाला, पण बाजूचा सदस्य कागद चाळत होता, त्याने वरही पाहिलं नाही. अशा मतदानात नावं लिहिली जात नाहीत. नाव लागायचं असेल तर उभं राहून पोल मागावा लागतो, मग एकेकाची गणना होते, छापून येते. रामनाथला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने बाकाची कड धरली. पुढच्या निवडणुकीचं तिकीट, फ्लॅट, वकिली, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. त्याला भीती वाटली, साधी आणि लाज वाटण्याजोगी भीती. अध्यक्ष म्हणाले, "होयचे बहुमत. विधेयक मंजूर." आणि पुढचं विधेयक पुकारलं.

तो कोळीवाड्यात आला तेव्हा ऊन होतं. महादूला तिरडीवर बांधून दारात ठेवलं होतं. तुटलेले हात कापडाखाली नीट करून ठेवले होते, तरी ते वाकडेच दिसत होते.

"बोललास?" मथुराने विचारलं.

"नाही म्हणालो, बाय."

"कोनी ऐकला?"

खोटं बोलता आलं असतं. सभागृहात इथलं कोणी नव्हतं. पण दादाच्या त्या हातांसमोर त्याची जीभ वळेना. "कोणी नाही," तो म्हणाला. "उभं राहून पोल मागायला हवा होता. मागितला नाही. घाबरलो."

मथुराने त्याच्या तोंडावर मूठ मारली. त्याचा ओठ फाटला. दुसरी नाकावर, तिसरी ठणकणाऱ्या कानावर. माशांच्या टोपल्या उचलून घट्ट झालेले हात होते ते. रामनाथने एकही वार अडवला नाही आणि गर्दीतून कोणीही तिला धरलं नाही. ती दमून थांबली तेव्हा तो रक्त पुसत पुढे आला आणि भावाला खांदा द्यायला तिरडीपाशी वाकला.

तिने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं आणि जमिनीवर आपटलं. मग पदर कमरेला खोचून तिने स्वतःचा खांदा त्या जागी लावला. बायका खांदा देत नाहीत, पण ते बोलून दाखवायची हिंमत कोणाची झाली नाही. तिरडी उठली. सगळा कोळीवाडा रामनाथला वळसा घालून पुढे गेला, आणि त्याला कोणी चल म्हणालं नाही.