मनकर्णाबाईचा कौल

इंझोरीत जगदेवच्या अंगणात दर मंगळवारी देवीचा कौल घ्यायला नारळ घेऊन आलेल्यांमुळं पाय ठेवायला जागा नसे. पाटावर त्याची म्हातारी माय मनकर्णाबाई. कपाळभर कुंकू, आणि मांडीवर पडलेला उजवा हात आपोआप थरथरणारा, जणू अदृश्य माळ ओढणारा.

"माय जप करून राह्यली!" शेजारी उभा देवीचा भगत चंपत ओरडे. "मोठ्यानं इचारा, बाप्पा! देवीले मनातलं समजते, पन मले ऐकू आलं पाह्यजे!"

तो हातावर लिंबू ठेवी. हात थांबला तर होकार, थरथरला तर नकार.

वर्तमानपत्रातल्या लढाईच्या बातम्या गावाला वाचून दाखवणारा, शिकलेला असा जगदेवच. त्याला या कौलाची शंका येई. पण हल्ली थोरामोठ्यांचा रामराम त्याला आधी मिळे. त्यानं शंका गिळली. मायचे गुडघे सुजले तेव्हा चंपत म्हणाला, "देवीचं वजन हाय ते. औषध लावलं तं कोपंल." जगदेवनं मलमाची डबी फडताळात सारली.

शेवटी त्याची बायको अंजना हिनंच छकडा पाठवून मालेगावहून डॉक्टर उदयसिंगांना बोलावलं. ते मंगळवारी गर्दीत येऊन बसले.

तुळसाबाईनं विचारलं, "पोरगी नांदायले जाईन काय?"

"घे, माय!" चंपत म्हणाला. मनकर्णाबाईनं लिंबू धरलं. हात थांबला. "कौल!" म्हणत त्यानं ते झटकन उचललं.

"राहू द्या तिच्याच हातात," डॉक्टर म्हणाले.

चंपतनं लिंबू परत तिला धरायला दिलं. थोड्या वेळानं बोटं पुन्हा थरथरली, लिंबू घरंगळलं. डॉक्टरांनी टोपलीतला कांदा पुढं केला. "आजी, हा धरा." हात थांबला.

"कांदाबी पावला!" कुणीतरी म्हणालं.

"हा कंपवात," डॉक्टर म्हणाले. "हात नुसता पडून असला की थरथरतो, काही धरायला गेला की जरा वेळ थांबतो. होकार द्यायचा असला की हा भगत 'घे' म्हणतो. नकार द्यायचा असला की पडल्या हातावर लिंबू नुसतं टेकवतो."

चंपत चपला शोधू लागला.

डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावताच म्हातारी किंचाळली. "हे दुखणं वेगळं. संधिवात. सांधे तापलेत. कधीपासून?"

जगदेव मायकडं वळला. "माय, इतकं दुखते, तं बोलली काहून नाही?"

"तू देवीले इचारून राह्यला होता, बाबू. मले कोनं इचारलं?"

माणसं खाली माना घालून उठली. जगदेवनं फडताळातली डबी काढली. झाकण गंजलं होतं, उघडेना.

वाचकहो, नुसती शंका येऊन भागत नाही, ती बोलावी लागते. आणि थरथरत्या हातापुढं नारळ ठेवण्याआधी त्या माणसाला एवढं तरी विचारा: कुठं दुखतंय?