सीरियस, ताबडतोब निघा

"दाद्या मुद्दाम फोन उचलत न्हाई," पोह्यांतले शेंगदाणे बशीच्या कडेला सारत सोपानराव पुटपुटले. "झोपला असंल रेडा."

ओट्यापाशी स्नेहलने सासूकडे पाहिलं. हा दाद्या, म्हणजे सोपानरावांचे जुने मित्र दादासाहेब, पहाटेच वारले होते, आळंदीतल्या घरी. साडेदहाला त्यांना नेणार होते. आता सव्वानऊ झाले होते आणि दिघीच्या या घरात ही बातमी सोपानराव सोडून सगळ्यांना ठाऊक होती, दूधवाल्यासकट.

"खाल्ल्याबिगर सांगायचं न्हाई," यशोदाबाई सुनेच्या कानाशी लागल्या. "एकदा कळलं की स्मशानातून येऊन अंघोळ होईस्तवर चहाचा घोट घेणार न्हाईत. गोळी कवा घ्यायची? शुगरला काय सुतक कळतंय?"

मुद्दा बिनतोड होता. पण सोपानराव आज एकेक पोहा पारखून खात होते.

डाक-तार खात्यात ते इंजिनियर. चाकणला कारखाने नव्हते, नुसता कांदा होता, तेव्हापासूनचे. कुणी खांबाला म्हैस बांधली, कुणी खांबाला ताण देणाऱ्या तारेवर लुगडी वाळत घातली, की लाइन बंद. मग साहेब सायकल हाणत जायचे, म्हशीच्या मालकाशी भांडायला. दादासाहेब तारघरात बसून खटखट करायचे आणि आलेली तार अडाणी माणसाला वाचून दाखवायचे. चौतीस वर्षं दोघांनी एकमेकांना शिव्या घातल्या. पुढे सरकारने तार बंद केली, पण ही सेवा चालूच राहिली; रोज सकाळी आठला, फोनवरून.

"टाळ कुटत बसला असंल," सोपानराव म्हणाले. "जन्मभर देवाला नावं ठेवली, आन् म्हातारपणी आळंदीत जागा घेतली. लबाड."

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. स्नेहलने घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ. आळंदी रस्त्याला गर्दी लागली तर संपलंच.

शेवटी रविराज गाडीची किल्ली घेऊन वडिलांसमोर उभा राहिला. कंपनीत शंभर माणसांपुढे बोलणारा हा गडी फरशीकडे बघत म्हणाला, "आप्पा, दादासाहेबकाका जरा सीरियस आहेत. लगेच निघायला लागेल."

चमचा थांबला.

"सीरियस. ताबडतोब निघा," सोपानराव सावकाश म्हणाले. "माझ्या लाइनीवरनं अशा किती तारा गेल्या रे. माणूस जिता असताना एकबी गेली न्हाई."

यशोदाबाईंनी उगाच आणखी चमचाभर पोहे वाढले.

"लाइन माझी, वाचायचं काम दाद्याचं," सोपानराव म्हणाले. "आधी माणसाला पाणी पाजायचा, मग सरळ सांगायचा. ह्या घरात कुणाला वाचता येतं का न्हाई?"

स्नेहलने या खेपेला सासूकडे पाहिलं नाही. पाण्याचा पेला सोपानरावांच्या हातात दिला आणि ते पिईपर्यंत थांबली.

"पहाटेच गेले, आप्पा. साडेदहाला नेणार आहेत. आत्ता निघालो तर तोंड बघायला मिळेल."