उशीखालचा अडकित्ता

मित्रांनो, मी उशी. जुनी आहे हे सांगायला नको, वासावरून कळतं.

शाहूपुरीतल्या रफिक पिंजाऱ्यांनी मला भरलं. "पावणं, हिच्यावर झोप न्हाय लागली तर परत आणा," असं ते गुंडूरावांना म्हणाले. गुंडूरावांना दगडावरही झोप लागते. पण मी आले ती त्यांच्या बायकोच्या, शालूबाईंच्या वाट्याला, कागलजवळच्या त्यांच्या घरी.

गुंडूराव सकाळी चहा पिताना सांगायचे, "आज म्हस दूधगंगेवरनं उडत हुती." सांगून धार काढायला जायचे. शालूबाईंचं तसं नव्हतं. त्यांना एकदा दात पडल्याचं स्वप्न पडलं. असं स्वप्न पडलं की घरातलं माणूस जातं म्हणतात. सांगितलं तर खरं होईल, म्हणून त्या गप्प राहिल्या. वाईट स्वप्न लोखंडाला भितं, म्हणून माझ्याखाली अडकित्ता ठेवला. स्वप्न काही भ्यालं नाही. मान मात्र अवघडली. अवघडल्या मानेनं झोप मोडली, मोडक्या झोपेत दात पुन्हा पडले. मग विळा आला. मी उशी कमी आणि हत्यारांची पेटी जास्त झाले. पुढे तर शालूबाई झोपायलाच भिऊ लागल्या.

एका सकाळी मला अंगणात उन्हाला टाकलं होतं. समोर कडबाकुट्टीत वैरण सारताना शालूबाईंचा डोळा लागला. हात पात्याकडे सरकत होता. लेकीनं, तेजस्वीनं, धावत येऊन बटण बंद केलं.

"आई, झोपत न्हाईस व्हय तू?"

शालूबाई तिथंच खाली बसल्या. "दात पडल्यालं सपान पडतंय गं. तुझा बा जाईल म्हणून डोळा मिटाय भ्या वाटतंय."

गुंडूराव भारा टाकून आले. "आगं, तुझ्या सपनात मी रोज मरतो आन् सकाळी च्या मागतो. तेवढंबी दिसत न्हाय व्हय तुला?"

शालूबाई रडता रडता हसल्या. उठून माझ्या जागेखालचं सगळं लोखंड त्यांनी बाहेर आणलं. गुंडूरावांनी अडकित्ता उचलून उलटसुलट बघितला.

"ह्यो हितं हुता व्हय? म्या एवढी वर्सं सुपारी दातानं फोडतोय. माझंच दात पडलं असतं की."

स्वप्नं अजून पडतात. हल्ली शालूबाई ती चहाबरोबर सांगतात आणि रात्री झोपतात.

तेव्हा मित्रांनो, उशीला ऊन दाखवा, अधूनमधून झटका, आणि तिच्याखाली काही ठेवू नका. भीती तर मुळीच नको. कापूस तेवढा भार पेलत नाही. मी दमले आहे. मलाही थोडं झोपायचं आहे.