धाकटीची ऊबदार भिंत

तपश्चर्येने दगडालाही पाझर फुटतो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. तेजोमहाराजांच्या तपश्चर्येने तर भिंतीला ऊब फुटली. ही तपश्चर्या त्यांनी मंगळवारी धाकटीकडे पोटभर जेवून, त्याच भिंतीला पाठ टेकून, चहाच्या वेळेपर्यंत केली होती.

थंडी मी म्हणत होती. दिवस मावळला की अख्खी गल्ली धाकटीच्या खोलीत शिरे आणि भिंतीला तळवे लावून "अहाहा" करी. ना शेगडी, ना हीटर, तरी भिंत कोमट!

"सूर्याला आम्ही इथे बसवलंय," महाराज सांगत. "रात्री तो मुक्कामाला इथेच असतो."

शेजारी थोरल्या जावेला प्रत्येक "अहाहा" टाचणीसारखा टोचे. वाटणीत मोठी खोली तिला, उन्हाचं अंगण तिला, आणि सूर्य मुक्कामाला धाकटीकडे! त्यात सासूबाई उशी-पांघरूण घेऊन तिकडे गेल्या. पंधरा वर्षं त्यांचे दुखरे गुडघे थोरलीने चोळले होते.

"आई, परत कधी येताय?"

"तुझी भिंत तापली की येते हो."

गुरुवारी संध्याकाळी भिंत गार पडली. महाराजांनी डोळे मिटले. "मत्सर! शेजारच्याच बाईची नजर लागली."

सगळ्या माना थोरलीकडे वळल्या. ती जळत होती हे खरं. पण आपल्या जळण्याने भिंत गार कशी पडेल, हे तिला पटेना. घरी येऊन तिने नवऱ्याला धरलं. तो खिडक्यांना काचा बसवायचा.

"आज अंगणातलं काय हललं?"

"काय हलणार? सोमवारी भिंतीला टेकवलेल्या काचेच्या चौकटी सकाळी कामावर नेल्या. माप चुकलं, आत्ता परत आणल्या."

धाकटीच्या खोलीची ही मागची भिंत थोरलीच्या अंगणात येई. धाकटीला अंगण दिसू नये म्हणून थोरलीने त्या भिंतीतली खिडकी बुजवली होती. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून भिंतीला काळाकुट्ट रंगही फासला होता.

शुक्रवारी सकाळी तिने चौकटी पुन्हा भिंतीसमोर उभ्या केल्या आणि अर्ध्यांवर जाड गोधडी टाकली. संध्याकाळी गल्लीने तळवे लावले. अर्धी भिंत कोमट, अर्धी गार!

"महाराज, तुमचा सूर्य गोधडीला घाबरतो का हो?"

"यात फार गूढ आहे."

"गूढ कसलं? काळा रंग ऊन पितो, काच ऊब उडू देत नाही, जाड भिंत ती दिवसभर साठवते आणि संध्याकाळी आत सोडते. पटत नसेल तर उद्या गोधडी दुसऱ्या बाजूला टाकते. आणि बायांनो, हात जोडायच्या आधी भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघत जा!"

महाराज वहाणा शोधू लागले.

"म्हणजे जाऊबाई," धाकटी सावकाश म्हणाली, "माझी भिंत तुम्ही तापवलीत?"

सासूबाई धाकटीकडेच राहिल्या. काचा थोरलीच्या अंगणात होत्या, पण ऊब आतल्या बाजूला येत होती.