तेल लागलेली बाई

हॉविस मेली नाही, हीच घरच्यांची खरी पंचाईत झाली.

तापानं ती इतकी खंगली होती की नवऱ्यानं, ऑस्बर्टनं, पाद्र्याला बोलावलं. पाद्र्यानं तिच्या डोळ्यांना, कानांना, ओठांना, हातापायांना मरणाच्या दारातल्या माणसाला लावायचं शेवटचं पवित्र तेल लावलं. सासूनं कफन शिवून उशाशी ठेवलं. गाव चर्चच्या घंटेकडे कान लावून बसलं. आणि एके सकाळी बाईचा ताप उतरला. तिनं डोळे उघडून डुकराच्या मांसाचा रस्सा मागितला.

सासू ॲल्डिथ दारातच थबकली.

"मांस नाही मिळायचं आता. तेल लागलंय तुला. तेल लागलेल्यानं मांस खायचं नाही, अनवाणी जमिनीला पाय लावायचा नाही, नवऱ्याजवळ निजायचं नाही. तू तिकडची झालीस, पोरी."

"अहो सासूबाई, मी जिवंत आहे!"

"दिसतेस खरी," म्हातारी म्हणाली आणि जवाच्या पेजेचं भांडं काठीनं आत ढकललं. कफन काही तिनं उचललं नाही.

पेजेचं हॉविसला दुःख नव्हतं. तिला तिची लेक हवी होती, अंगावर पिणारी एमट. कुडापलीकडे पोर रडत होती आणि म्हातारी तिच्या तोंडात बकरीच्या दुधाची चिंधी कोंबत होती.

"मला द्या ना हो तिला," हॉविसनं नवऱ्याला विनवलं.

"आई म्हणते, थांब जरा." ऑस्बर्टची नजर तिच्या हातांवर होती. उधळलेला बैल एका हातानं आवरणारा गडी, पण आईपुढे त्याचं मांजर व्हायचं. आणि आता तर तो बायकोलाही घाबरत होता.

पोरीचं रडणं हळूहळू बारीक होत गेलं. तेव्हा मात्र हॉविस सरकत भिंतीशी गेली. झरोक्यातून पाद्री जाताना दिसताच तिनं घसा फोडून हाका मारल्या. शेजारणींनी छातीवर क्रूस काढला आणि दारं लावून घेतली.

पाद्री आत आला, सगळं ऐकलं आणि भडकलाच. "अरे मूर्खांनो, आजाऱ्याला उतार पडावा म्हणूनही तेल लावतात! बाई बरी झाली तर देवाचे आभार माना. आधी पोर द्या तिची तिला!"

"हो फादर," ऑस्बर्ट म्हणाला.

"हो फादर," म्हातारीही म्हणाली. गाव पाद्र्याला नेहमीच हो म्हणतं आणि मग आपल्याला हवं तेच करतं. पण आज पाद्री जागचा हलेना. शेवटी ॲल्डिथनं पोर आणली, हॉविसला बोटही लागणार नाही अशा बेतानं अंथरुणावर ठेवली आणि मागे सरली. पाद्री समाधानानं निघून गेला.

हॉविसनं लेकीला छातीशी घेतलं. पोर तापानं फणफणत होती. तोंड उघडेना, दूध ओढेना, मान एका बाजूला कलंडली होती. आत्ता तर घेतलं होतं तिला, म्हणजे पोर आधीपासूनच तापलेली होती. हे ओरडून सांगावं म्हणून तिनं वर पाहिलं.

दारात नवरा उभा होता, त्याच्यामागे सासू. दोघं पोरीकडे बघतच नव्हते. बघत होते ते तिच्या हातांकडे.

हॉविसनंही हातांकडे पाहिलं. तेलाचा वास अजून गेला नव्हता.

"सासूबाई," ती कशीबशी म्हणाली, "हिला घ्या. लवकर घ्या." आणि पोर खाली ठेवून तिनं दोन्ही हात घोंगडीखाली लपवले.